डबे फोडणारा परशाअण्णा

परशाअण्णानं माझ्याशी पहिला शब्द बोलायच्या आधी माझा डबा फोडला. डबा म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये वीजपुरवठ्याचा बसतो तो. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात, आमच्या वडगावात सगळे नुसतं डबा म्हणतात. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून माझं मशीन मध्येच खटकन बंद पडायचं, म्हणून ते रिक्षात घालून मी अण्णाच्या दुकानात नेलं होतं. त्यानं बाजूचा पत्रा काढला, आत एकदा बघितलं, स्क्रू फिरवले, डबा उपसून बाहेर काढला आणि दुकानाच्या दगडी पायरीवर असा आपटला की समोरच्या विणकराच्या मागाच्या शेडमधली माणसं बाहेर आली. मग हातोडा घेऊन खाली बसला आणि घाव घालायला लागला. मी ओरडतेय, अहो काय करताय, नवा आहे तो, आणि हा माणूस घामानं निथळत मारतोच आहे.

पत्रा फाटल्यावर त्यानं आत बोटं घातली आणि एक जाडजूड लोखंडी पट्टी ओढून काढली. आत गोंदानं चिकटवलेली होती. ती माझ्या तळहातावर ठेवून तो पहिल्यांदा बोलला.

"ह्ये घे. डबा म्हणून लोखंड घिऊन गेलतीस घरला."

गल्लीत मला विजे म्हणून हाक मारतात. मी साड्यांची डिझाइनं करते. सासरे ती चौकटीच्या कागदावर काढायचे, मी कॉम्प्युटरवर काढते, एवढाच फरक. पण हल्ली व्यापाऱ्यांचं काठ-पदर बघून भागत नाही. साडी विणायच्या आधीच ती अंगावर कशी पडेल, निऱ्या कशा दिसतील, हे त्यांना पडद्यावर गोल फिरवून बघायचं असतं. कसली हौस एकेकाला! त्या हौसेपायी मला कार्ड घ्यावं लागलं, आणि कार्डापायी मोठा डबा.

आता आम्हा मागवाल्यांची एक खोड सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आम्ही प्रत्येक वस्तू हातानं तोलतो. सुताचा कोन तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायचा, जरीची रिळं तशीच तोलायची, विणून झालेली साडीसुद्धा घडी घालायच्या आधी हातावर जोखायची. हलकं ते भेसळीचं, जड ते चोख, हे आमच्या हाडीमाशी भिनलंय. तेच आम्ही डब्यांना लावलं. मीही दुकानात दोन हातांत दोन डबे घेतले आणि जड होता तो उचलून आणला. वडगावातली गिऱ्हाइकं जड डबा मागतात हे डबे बनवणाऱ्यांच्या कानावर गेलं असणार. त्यांनी डब्यात लोखंड घातलं. आणि मी ज्या दुकानातून तो आणला, ते दुकान होतं मारुतीचं. आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. मारुती हा परशाअण्णाचा सख्खा धाकटा भाऊ.

गल्लीत परशाअण्णाला सगळे मारका अण्णा म्हणायचे, तोंडावर नाही अर्थात. बुटका, मानेनं जाड, आणि मागाच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरायचं काम तरुणपणी केल्यामुळे दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. अण्णा आता नाही. मागच्या साली छातीत कळ येऊन गेला, ती कळसुद्धा डबे विकणाऱ्या एका एजंटावर ओरडताना आली असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

त्या पहिल्या दिवशी त्यानं मला स्टुलावर बसवून शिकवलं. शिकवलं म्हणजे खेकसला. डब्यावर मोठ्या अक्षरांत सहाशे वॉट छापलंय ते वाचायचं नाही, म्हणाला, ते जत्रेतल्या पाटीसारखं असतं. बाजूला बारीक अक्षरांचा तक्ता असतो, त्यात बारा व्होल्टचा रकाना शोधायचा, तिथले अँपिअर बघायचे आणि बारानं गुणायचं. माझ्या सहाशेच्या डब्याचा हिशेब दोनशेच्या जरासा वर गेला. तेवढं तर माझं एकटं कार्डच ओढत होतं. बाकीचं मशीन काय हवा खाऊन चालणार?

"कार्ड काय खातंय बघ, बाकीचं मशीन काय खातंय बघ, बेरीज कर, आणि त्येच्यावर निम्मं आणिक धर," तो म्हणाला. एवढं जास्त कशाला, असं मी विचारलं, झालं, त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागवाल्याच्या घरात राहून हे विचारतीस, म्हणून त्यानं मला झाडलं. माग सुरू करताना मोटार जेवढा हिसका मारते तेवढा चालताना मारते का? कार्डाचंही तसंच. पडद्यावरचं चित्र एकदम बदललं की ते हिसका मारतं. चांगला डबा तो हिसका सोसतो, नाही सोसला तर गप बंद पडतो. वाईट डबा पेटतो. आणि आमच्या घरांत कॉम्प्युटरच्या शेजारी काय असतं? सूत.

हातघाईवर यायला त्याला वेळ लागायचा नाही. एका कॉलेजच्या मुलानं कार्डाला डब्याची वायर पुरली नाही म्हणून हार्ड डिस्कच्या वायरीला जोड लावून वीज दिली होती. प्लग वितळून कार्डाला चिकटला. अण्णानं तो प्लग त्याच्या नाकासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या मुस्काटात भडकावली. दुसऱ्या दिवशी मुलगा बापाला घेऊन भांडायला आला. बापानं प्लग बघितला, मुलगा त्याच मशीनच्या खोलीत झोपतो असं सांगितलं, आणि स्वतः त्याला आणखी एक दिली. अण्णानं त्या बापाला चहा पाजला. एकदा जड डबे घेऊन आलेल्या एजंटाच्या अंगावर त्यानं स्टूल फेकलं. एजंट वाचला, त्याच्या गाडीचा दिवा गेला. लोकांनी अण्णाला समजावलं की बाबा, तोंडानं सांगत जा. त्यावर त्याचं एकच ठरलेलं वाक्य.

"मार खाल्लेला माणूस जगतोय. करंट खाल्लेला जगत न्हाय."

हे वाक्य कुठून आलं ते त्यानंच मला एकदा सांगितलं, स्वतःहून, दुकानात ठेवलेल्या मागाच्या जुन्या मोटारीवरची धूळ पुसता पुसता. हे दोघे लहान होते तेव्हाची गोष्ट. बापाच्या शेडमध्ये मागाच्या मोटारीला करंट उतरला होता आणि मारुती तिला चिकटला. तोंड उघडं, आवाज नाही. बाप हात धरून ओढायला धावला, तेवढ्यात परशानं मागाचं लाकडी दांडकं उचललं आणि भावाच्या खांद्यावर सगळ्या ताकदीनं घातलं. मारुती उडून भिंतीपाशी पडला. खांद्याचं हाड मोडलं, पोरगं वाचलं. आईनं परशाला आधी बडवला आणि मग पोटाशी धरला. पुढे आईबाप गेले. अण्णानं मारुतीला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं, त्याला दुकान घालून दिलं, आणि स्वतः लग्न केलं नाही. अण्णाला जगात एक माणूस होता. तो मारुती.

आणि तोच मारुती गल्लीत लोखंड घातलेले डबे विकत होता. दुसऱ्या कुणी विकले असते तर त्याचे पाय मोडून अण्णा मोकळा झाला असता. भावापुढे तो कात्रीत सापडला. कुणाचं तरी घर पेटायच्या आत मारुतीचा हा धंदा बंद करायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं, उठता-बसता तेच. सांगायची पद्धत मात्र त्याची ती. माझा फुटका डबा आणि ती पट्टी घेऊन तो तरातरा गेला आणि मारुतीच्या दुकानात लांबूनच फेकला. शोकेसची काच फुटली. पट्टी आणि डबा कुठे कपाटाखाली गेले देव जाणे. मारुतीनं फुटलेली काच बघितली, डबा बघितलाच नाही. दोन मिनिटं शेजारी बसून त्याला आतलं लोखंड दाखवलं असतं तर! पण अण्णाला दाखवायची सवयच नव्हती, फेकायची होती.

मारुती स्वभावानं अगदी उलटा. शांत, हसरा, उभ्या जन्मात कुणावर हात उचललेला नाही. पूर्वी तो सुताचे कोनच विकायचा, मागांचा धंदा मंदावला तसा कॉम्प्युटरचं सामान ठेवायला लागला. डबे तो सुतासारखेच घ्यायचा, हातावर तोलून, आणि जड निघाला की समाधानानं मान हलवायचा. उघडून कधी बघितला नाही, कारण डब्यावर स्टिकर असतं, ते फाटलं की वॉरंटी गेली. अण्णा काय, मिठावरूनही तंडतो, असं म्हणून त्यानं भावाचा आरडाओरडा कानाआड केला. गल्ली मात्र दोन तट पाडून बसली. कुणी म्हणायचं परशा भावाच्या धंद्यावर जळतो, कुणी म्हणायचं मारुती गोड बोलून गळा कापतो. मीही दुसऱ्या तटात होते. मला वाटायचं, एवढं ऐकूनही विकतो म्हणजे हा पक्का लबाड.

मग शेवंताकाकूंचं घर पेटलं. भर दुपारी. काकूंचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करायचा, त्यानं मोठं कार्ड घेतलं होतं आणि डबा मारुतीकडचा. फटाका फुटल्यासारखा आवाज आला म्हणून मी धावले. डब्यातून उडालेल्या ठिणग्या शेजारच्या सुतावर पडल्या होत्या, सूत पेटलं, त्याच्यावरून मागावरचा ताणा पेटला. काकू जळते कोन हातांनी बाहेर ओढत होत्या. अण्णा माझ्याआधी पोचला होता. त्यानं मेन स्विच पाडला, काकूंना केसाला धरून बाहेर फेकलं, हो, फेकलंच, आणि वाळू ओतून आग विझवली. बाहेर येऊन त्यानं काकूंचे हात बघितले. कोपरापर्यंत कातडी सुटली होती. काकू रडत नव्हत्या, नुसत्या हातांकडे बघत होत्या.

अण्णा पुन्हा आत गेला आणि अर्धवट जळालेल्या मागाचं दांडकं घेऊन बाहेर आला. तो पळाला नाही, चालत गेला. मी मागून हाका मारत होते.

मारुती काउंटरमागे उभा होता. काय झालं अण्णा, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पहिला दणका खांद्यावर बसला, दुसरा काउंटरवर, तिसऱ्याला मारुतीनं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज आला. तरी अण्णा थांबला नाही. मारुती खाली पडला, तर पाठीत, मांड्यांवर, पोटऱ्यांवर. गल्लीतले बाप्ये दारात उभे राहून बघत होते, एकानंही हात धरला नाही, कारण मनातून सगळ्यांना वाटत होतं की बरं झालं. मी दांडकं धरायला गेले तर एक माझ्या दंडावर बसला. "लोकांची घरं जाळतोस? लोकांची घरं जाळतोस?" एवढंच तो म्हणत होता, आणि रक्त मारुतीच्या सदऱ्यावर पसरत होतं.

मग तो दुकानामागच्या घरात शिरला. सगळंच फोडायचं होतं त्याला. मारुतीची मुलगी सोनी चित्रं हलती करायचा कोर्स शिकत होती, तिचा कॉम्प्युटर टेबलावर होता. सोनी किंचाळत भिंतीला लागली. अण्णानं कॅबिनेट उचलून जमिनीवर घातलं, लाथा घातल्या, आतला डबा हिसडून काढला आणि फरशीवर आपटत राहिला. डब्याचा पत्रा उघडला. लोखंडाची पट्टी खणकन फरशीवर पडली.

अण्णा थांबला. पट्टीकडे बघत उभा राहिला, आणि मग खाली बसला.

"पोरीच्या मशीनमधी बी त्योच घातलाय ह्येनं," तो म्हणाला. इतका हळू की मला वाकून ऐकावं लागलं. "विजे, ह्येला म्हाईतच न्हवतं."

दवाखान्यात न्यायला अण्णानं गाडी काढली, पण मारुती तिच्यावर बसला नाही. शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात गेला. हातात पट्टी घालून हाड जोडलं, पण बोटं मिटेनात. पुढे दुकानाला कुलूप लावून बायको-मुलीला घेऊन तो निपाणीला सासुरवाडीला निघून गेला, आणि अण्णाशी एक शब्द बोलला नाही. तक्रारही दिली नाही. अण्णाच स्वतः पोलीस ठाण्यात गेला. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, तक्रार कुणाची? अण्णा म्हणाला, माझी. कुणावर? माझ्यावर. साहेबांनी त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं. हिंडलग्याच्या तुरुंगात तरी नेऊन टाका, म्हणून तो तिथे संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

मारुतीनं विकलेला एकेक डबा अण्णानं घरोघरी जाऊन काढला आणि जागी स्वतःकडचा चांगला बसवला. मारुतीला शिव्या घालणाऱ्याला तो म्हणायचा, त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, मला घाला. त्यानंतर त्यानं कुणावर हात उचलला नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. एजंट दिसला की तो उठायचाच. फक्त आता त्याचा राग त्याच्यावरही उलटला होता. एकदा मी दुकानात गेले तर स्वतःचा उजवा पंजा दगडी पायरीवर पसरून हा हातोडा उचलून बसलेला. मी झडप घालून हातोडा हिसकावला. अरे मेल्या, म्हटलं, दोघा भावांत मिळून एक हात तरी धड राहू दे. त्यानं पंजा काढून घेतला.

निपाणीला तो बऱ्याचदा जाऊन आला होता. हा पुढच्या दारात दिसला की मारुती मागच्या दारानं निघून जायचा. परतीच्या बसमध्ये अण्णा कुणाशी ना कुणाशी भांडायचा आणि गळ्याची बटणं तुटलेल्या सदऱ्यानं घरी यायचा. मग सोनीचा मला फोन आला. कोर्स अडलाय, कार्ड शाबूत आहे, डब्याशिवाय मशीन बंद आहे, कुठला घेऊ मावशी? मी अण्णाला सांगितलं. त्याचा चेहरा असा झाला की मी नजर फिरवली.

बाई गं, तो डबा निवडायला त्यानं जीव टाकला! माझ्यासाठी एका दमात निवडला होता. सोनीच्या कार्डाचा कागद त्यानं तीनतीनदा वाचून घेतला, अँपिअरचे रकाने पुन्हा पुन्हा लावले, निम्मं जास्त धरायचं ते यावेळी दुप्पट धरलं. कार्डाला वीज घ्यायची दोन तोंडं होती, तर एका वायरीला फाटा नको, दोन वेगळ्या वायरी पाहिजेत, आणि त्या तिच्या कॅबिनेटमध्ये न ताणता पोचल्या पाहिजेत, म्हणून तिला सुतळीनं माप घ्यायला लावलं. शेवटी एकसारखे दोन डबे मागवले. एकाचं स्टिकर फाडून त्यानं डबा उघडला, हातोड्यानं नव्हे, स्क्रू-ड्रायव्हरनं, आणि आतला सोल्डरिंगचा एकेक टाका भिंगातून बघितला. तो स्वतःला ठेवला. दुसरा सीलबंद सोनीला. पोरीची वॉरंटी जाता कामा नये, म्हणाला. मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाला, आणि डबा उराशी धरून निपाणीच्या बसमध्ये बसला.

दिवेलागणीला तो थेट माझ्या दारात आला. उजवा गाल टरारून सुजलेला, ओठ फाटलेला, कानाखाली वाळलेलं रक्त. मला रागच आला. आज कुठल्या कंडक्टरशी जुंपली, म्हणून मी त्याला उंबऱ्यातच फैलावर घेतलं. तो हसत होता. त्या फाटक्या ओठानं, लहान पोरासारखा हसत होता.

"मारलं मला," तो म्हणाला. "मारुतीनं मारलं."

मारुतीनं दार उघडलं. या वेळी मागून गेला नाही. अण्णानं डबा पुढे केला, सोनीसाठी आणलाय म्हणाला. मारुतीनं तो घेतला, आत नेऊन कॉटवर ठेवला, परत आला आणि मारायला लागला. तोंडावर, कानावर, मिळेल तिथे. सोनी रडून थांबवायला लागली तर अण्णानंच तिला बाजूला केलं. शेवटी मारुती दमला आणि तिथंच उंबऱ्यावर बसला. शब्द एक नाही. हे सगळं अण्णा मला देवदर्शन करून आल्यासारखं सांगत होता. मग हाकललं असेल, मी म्हटलं.

"न्हाय. पाट मांडला मला. वहिनी वाढालीती, तिच्या हातातली पळी काढून घेतली त्येनं. सोता वाढलं."

मी हळद आणायला वळले तर मागून त्याचा आवाज बदलला.

"डाव्या हातानं वाढलं गं. उजव्यात पळी ऱ्हात न्हाय त्येच्या."

आमच्यात डाव्या हातानं कुणी वाढत नाही, आणि वाढलं तर ताटावरून माणूस उठतो. अण्णा माझ्या उंबऱ्यावर बसला होता आणि ते सुजलेलं तोंड दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडत होता. मी विचारलं, मग तू काय केलंस?

"जेवलो की," तो म्हणाला. "दोनदा मागून घेतलं."